रिकाम्या खुर्चीला बचत म्हणू नका

माननीय मुख्यमंत्री महोदय,


महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी परजिल्ह्यात झाली. आता रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलोपार्जित केळीची बाग सांभाळतो. गावात कुणाकडे सरकारी कागद आला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. "आबा, याच्यात काय लिहेल आहे, पाहा बरं," म्हणत माणसं टेकतात. त्या कागदांमधून आणि माझ्या स्वतःच्या अनुभवातून जे मनात साचलं आहे, ते आज आपल्यापुढे ठेवतो. बंद पाकिटातून पाठवलं असतं तर त्यावर आवक क्रमांक पडला असता, ते योग्य त्या कार्यवाहीसाठी एका विभागाकडून दुसऱ्याकडे पृष्ठांकित होत गेलं असतं. तो रस्ता मला चांगला माहीत आहे, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

जानेवारी 2025मध्ये आपण क्षेत्रीय कार्यालयांसाठी 100 दिवसांचा सात कलमी कार्यक्रम जाहीर केलात. संकेतस्थळं अद्ययावत करा, लोकांचं जगणं सुकर करा, कार्यालयं स्वच्छ ठेवा, तक्रारी निकाली काढा, येणाऱ्यांसाठी पाण्याची आणि बसण्याची सोय करा, गुंतवणुकीला हात द्या, अधिकाऱ्यांनी गावांना भेटी द्याव्यात. वाचून मला मनापासून बरं वाटलं. जुनी दप्तरं लावणं, निकामी कागद नष्ट करणं, अभिलेख कक्षात वाट मोकळी करणं, ही कामं किती मोठी असतात हे ज्यानं केली त्यालाच कळतं. तपासणीही खात्याच्याच माणसांकडून न करता आपण क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवलीत. 1 मे 2025 रोजी निकाल जाहीर झाला. विभागांनी ठरवलेल्या 902 मुद्द्यांपैकी 706 पूर्ण झाले, आणि जे राहिले तेही आपण लपवले नाहीत. सरकार स्वतःची झडती बाहेरच्या संस्थेला घेऊ देतं आणि गुण जाहीर करतं, असं मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

त्यापाठोपाठ 150 दिवसांचा कार्यक्रम आला. त्यात ई-गव्हर्नन्स होतं, सेवाप्रवेश नियम होते, अनुकंपा नियुक्त्या होत्या, आणि प्रत्येक विभागाचा आकृतिबंध सुधारायचा होता. कुठल्या कार्यालयात कुठली पदं, किती पदं, याचा तो मंजूर तक्ता. आमच्या काळी आकृतिबंध हा शब्द कार्यालयात दबक्या आवाजात बोलला जायचा, कारण त्यातून पद वाढलं असं कधी घडायचं नाही. 4 ऑक्टोबर 2025 रोजी आपण 10,309 जणांच्या हाती नियुक्तीपत्रं दिलीत. निम्मे अनुकंपाचे, निम्मे लोकसेवा आयोगातून आलेले लिपिक. बाप नोकरीत असताना गेला आणि पोरगं वर्षानुवर्षं यादीत अडकून राहिलं, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या दिवशी त्यांच्या घरात काय झालं असेल ते मला कळतं. त्याबद्दल आपले आभार आधी मानतो, कारण पुढचं सगळं गाऱ्हाणंच आहे.

महोदय, एवढ्या आढाव्यात, एवढ्या गुणांमध्ये, आमचा हेलपाटा कुठेच मोजला गेला नाही. कार्यालयाची भिंत रंगली का, हे पाहिलं गेलं. संकेतस्थळ उघडतं का, तेही पाहिलं गेलं. पण त्या कार्यालयात एका कामासाठी माणसाला किती वेळा यावं लागलं, त्यात त्याची किती मजुरी बुडाली, त्यानं किती झेरॉक्स काढल्या, हे कुणी विचारलं नाही. सरकारच्या वहीत खर्च कमी झाला की त्याला आपण काटकसर म्हणता. पण तो खर्च नाहीसा झालेला नसतो, आमच्या खिशातून जात असतो. माझं सगळं दुखणं या एका गोष्टीचं आहे.

आमच्या काळी आढाव्याला दप्तर तपासणी म्हणत. अधिकारी गावी यायचा, चावडीत बसायचा, तलाठ्याचं दप्तर समोर घ्यायचा. गाव नमुना एकपासून एकवीसपर्यंत सगळे नमुने एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचा. मग तलाठ्याला बाजूला बसवून गावकऱ्यांना विचारायचा: तुझी वारस नोंद झाली का? पावती मिळाली का? शेतसारा किती भरलास? तहसीलमध्ये दर सोमवारी प्रत्येक टेबलाचा गोषवारा निघायचा. मागील शिल्लक किती, नवी आलेली प्रकरणं किती, निकाली किती, शिल्लक किती. शिल्लक वाढली की सगळ्यांदेखत विचारणा व्हायची. 31 जुलैला महसुली वर्ष संपायचं, जमाबंदी व्हायची, तेव्हा रात्री दहा-दहापर्यंत कंदील लावून हिशोब जुळवले आहेत. ती पद्धत सगळी चांगली होती असा माझा दावा नाही. तिच्यात धाक होता, मनमानी होती, गरिबाला ताटकळत ठेवायची खोड होती. पण तपासणी कामाची व्हायची, आणि ती गावात व्हायची.

याच महाराष्ट्रात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची मांडणीच बदलली. आम्ही तरुण लिपिक ती शिकायला आसुसलेलो होतो. प्रत्येक टेबलावर सहा गठ्ठे: चालू कामं, उत्तराची वाट पाहणारी कामं, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. एवढंच. पण त्या सहा गठ्ठ्यांमुळे लिपिक रजेवर गेला तरी दुसऱ्याला कागद सापडायचा, आणि शेतकऱ्याला "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकावं लागायचं नाही. पुढे पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी शून्य प्रलंबिततेचा ध्यास घेतला, त्याचीही मुळं तिथेच आहेत. या दोघांच्या कामात मला एक गोष्ट सारखी दिसते. सुधारणेची सुरुवात त्यांनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसापासून केली. त्याला परत पाठवावं लागू नये, म्हणून आतली मांडणी बदलली.

आता आमच्याकडे काय होतं, ते सांगतो.

वैशाख-ज्येष्ठात इथे वादळ येतं, हे काही नवं नाही. केळीचं खोड म्हणजे नुसतं पाणी. घड भरत आला आणि वारा सुटला की ते मधूनच मोडतं. अशाच एका संध्याकाळी अर्ध्या तासाच्या वाऱ्यात माझ्या बागेतली कापणीला आलेली झाडं आडवी झाली. घड चिखलात. सकाळी व्यापारी येऊन पाहून गेला. मोडलेल्या झाडाचा कच्चा माल कोण घेणार? मी वेळेत कळवलं, अर्ज दिला, फोटो दिले. त्यानंतर पंचनाम्याची वाट पाहणं सुरू झालं. बागायतदार नसलेल्या माणसाला ही वाट पाहणं म्हणजे काय ते कळणार नाही. आडवी खोडं उन्हात आणि ओलीत सडायला लागतात. आंबूस वास सुटतो, चिलटं होतात, सोंडकिडा घर करतो. खाली नवी पिलं वर यायला पाहत असतात, त्यांच्यावर ते ओझं पडून असतं. शहाणा शेतकरी दुसऱ्याच दिवशी मजूर लावून खोडं कापून बांधावर काढील. पण पंचनाम्याआधी बाग साफ केली तर नुकसान दाखवायचं कशात? म्हणून मी रोज सकाळी बागेत जात होतो, पिलं दबून पिवळी पडताना पाहत होतो, आणि तसाच परत येत होतो. वादळानं एक पीक नेलं, पुढची पिलबाग वाट पाहण्यात गेली.

शेवटी तलाठी आला. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पोरगं तरुण, शिकलेलं, नम्र. त्याच्याकडे स्वतःचा सजा, म्हणजे नेमून दिलेली गावं, आणि वर दुसऱ्या दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार. दुचाकी त्याची. उन्हानं चेहरा रापलेला. आमच्या घरातून पाणी दिलं तर तांब्याभर पाणी उभ्यानं प्याला. म्हणाला, "आबा, सकाळपासनं हे सहावं गाव." संयुक्त पंचनामा तिघांनी मिळून करायचा, महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत. पण उरलेले दोघे त्या वेळी दुसऱ्या गावात होते, त्यांच्याकडेही जादाचे भार. सह्या मग मागून झाल्या. त्यानं यादी वाचली: सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक, शिवाय ई-केवायसी. सातबारा त्याच्याच दप्तराचा. आठ-असुद्धा. शेतकरी ओळख क्रमांक सरकारनं 15 एप्रिल 2025पासून सक्तीचा केला तो याचसाठी, की जमीन आणि माणूस यांची सांगड संगणकात एकदाच बसावी. तरी ते सगळे कागद मी सेवा केंद्रावर जाऊन, पैसे भरून, छापून, त्याच सरकारच्या हातात परत द्यायचे.

त्या मुलाला मी दोष देत नाही. हे ठळक अक्षरात वाचावं. तो माझ्याच खात्याचा वंशज आहे आणि त्याच्याकडे पाहून माझ्या पोटात तुटलं. तीन माणसांचं काम एकाला करायला लावलं तर ते तिन्ही ठिकाणी अर्धवटच होणार, आणि शिव्या मात्र त्या एकट्यानं खायच्या. मंत्रालयाच्या तक्त्यात त्या दोन रिकाम्या सजांचे पगार वाचलेले दिसतात. माझी दबलेली पिलं कुठल्या तक्त्यात दिसतात?

हे अपवादानं घडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. सजे अपुरे आहेत, हे सरकारनं स्वतः मान्य केलं ते 2017मध्ये. तीन हजारांहून जास्त नवे सजे करायचं ठरलं. त्यांच्यासाठी पदं मंजूर व्हायला 2022 साल उजाडलं. 2023मध्ये 4,644 तलाठ्यांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक मुलामुलींनी अर्ज केले. खुल्या गटाला 1,000 रुपये शुल्क, राखीव गटाला 900. आमच्या गावातल्या पोरांनीही भरले, काहींनी उसने आणून. गरज मान्य झाल्यापासून माणूस गावात पोचेपर्यंत सातेक वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत गावाची लोकसंख्या वाढली, पोटहिस्से वाढले, फेरफार वाढले, योजना तर कितीतरी वाढल्या. राज्याच्या मंजूर पदांपैकी जवळपास एक तृतीयांश रिकामी असल्याचं गेली काही वर्षं वारंवार समोर आलं आहे. एखाद्या शेतकऱ्यानं तीन एकरांतली एक एकर पडीक टाकली तर त्याला कुणी काटकसरी म्हणत नाही.

माणसं मिळायला वेळ लागला, नावं मात्र लवकर बदलली. 2024मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. 2025मध्ये कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाला. पदाला मान मिळावा ही त्यांची मागणी होती, ती रास्त आहे. माझा आक्षेप एवढाच, की शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, छापील नमुने बदलले, आणि भार तेवढाच राहिला. मानाची पहिली खूण म्हणजे माणसाला एकच सजा देणं.

भार हलका करण्यासाठी आणखी एक वाट काढली गेली: काम आमच्याकडे सरकवायचं. पूर्वी हंगामात तलाठी बांधावर यायचा आणि गाव नमुना बारामध्ये पीक लिहायचा. 15 ऑगस्ट 2021पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ते काम शेतकऱ्याचं झालं. ॲप उतरवा, गट क्रमांक निवडा, बांधावर उभं राहून फोटो काढा, अक्षांश-रेखांश जुळले तर ठीक. कल्पना चांगली आहे. तलाठी घरी बसून "केळी" लिहायचा आणि शेतात मका असायचा, असंही घडत होतंच. पण सातपुड्याच्या पायथ्याला जिथे रेंज येते-जाते, जिथे सातबारा सासूच्या नावावर आणि स्मार्टफोन नातवाच्या खिशात, तिथे नोंद राहून जाते. नोंद राहिली की विमा अडतो, मदत अडते. मग गावातल्या एखाद्या पोराला पैसे देऊन ती करून घ्यायची. पुढे सरकारनं मदतीला सहायक नेमले, ही सुधारणा मानतो. तरी पैसे देऊन नोंद करून घेणाऱ्या त्या सासूचे पैसे सरकारनं वाचवले, की सरकारनं तिच्याकडून घेतले?

आता आमच्या तालुक्याचा नकाशा जरा समोर घ्या. रावेरच्या उत्तरेला सातपुड्यात पाल आहे. तिथल्या पाड्यावरचा माणूस तहसीलच्या कामाला रावेरला उतरतो. प्रांताची सही लागली की फैजपूरला. आदिवासी प्रकल्पाची योजना असेल तर यावलला. जिल्हा परिषद किंवा जिल्हाधिकारी म्हटलं की जळगावला. चार गावं, चार खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीवर त्याच कागदांच्या झेरॉक्सचा नवा संच. त्यातच 29 फेब्रुवारी 2020पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, शनिवार गेला. कर्मचाऱ्यांना विश्रांती मिळावी हे मला पटतं. पण शनिवारी शाळा सुटल्यावर पोराला बरोबर घेऊन दाखल्याला येणारा बाप आता कामाच्या दिवशी येतो आणि मजुरी बुडवतो. हे नुकसान कुठल्याही खात्याच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं सापडणार नाही, म्हणून ते नाही असं होत नाही.

खरी उधळपट्टी कुठे आहे ते कुणी विचारलं असतं तर मी बोट ठेवून दाखवलं असतं. नाल्यावरच्या बंधाऱ्याचं घ्या. सिंचन 100 हेक्टरपर्यंत असेल तर बंधारा जिल्हा परिषदेचा, त्यावर एका मर्यादेपर्यंत मृद व जलसंधारण विभागाचा, आणखी मोठा असेल तर जलसंपदेचा, आणि जमीन वनाची असेल तर चौथा मालक. मृद व जलसंधारण 2017मध्ये वेगळा विभाग झाला तेव्हा कृषी खात्यातली कुठली माणसं आणि कुठली कामं तिकडे जायची, यावर किती पत्रापत्री झाली! पाणी एकाच नाल्यातून वाहतं, गाळ एकाच बंधाऱ्यात साचतो, आणि तो काढायचा कुणी, हे ठरेपर्यंत पुढचा पावसाळा येतो. शेतीचंही तसंच. 1998मध्ये कृषी खात्याची एक खिडकी योजना आली, तालुका कृषी अधिकारी नेमले गेले. पण पंचायत समितीचा कृषी विभागही तसाच चालू राहिला. फवारणी पंप एकीकडे, ठिबकचं अनुदान दुसरीकडे, विम्याची तक्रार तिसरीकडे. एकाच शेतकऱ्यासाठी दोन-दोन कार्यालयं, दोन भाडी, दोन जावक नोंदवह्या, आणि बांधावर यायला मात्र एकच माणूस, तोही जादा सजांचा. आपल्या आकृतिबंधाची कात्री इथे चालवा. मी स्वतः टाळ्या वाजवीन. माझं म्हणणं कात्री चालवू नका असं नाही, ती नेहमी खालच्याच टोकाला का चालते, असं आहे.

नवी महामंडळं, नवी आयुक्तालयं, नवे जिल्हे यांच्या मागण्या दर निवडणुकीला होतात. भुसावळ जिल्हा व्हावा ही आमच्याकडचीही जुनी मागणी. पूर्वी पूर्व खानदेश होता, मग जळगाव झाला, उद्या आणखी काही होईल. मला नवी पाटी नको. आहे त्या पाटीखाली माणूस हवा.

2023मध्ये दुसरी वाट चोखाळून पाहिली गेली. 6 सप्टेंबर 2023च्या शासन निर्णयानं बाहेरच्या 9 संस्थांमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी माणसं घेण्याची मुभा दिली. अभ्यासिकेत रात्री जागवणारी मुलं रस्त्यावर आली. त्याच ऑक्टोबरात तो निर्णय रद्द झाल्याचं आपणच, उपमुख्यमंत्री म्हणून, जाहीर केलंत. निर्णय मागे घेणं सोपं नसतं, तो आपण मागे घेतलात. पण त्यामागचा विचार गेला का? माणूस स्वस्तात मिळाला तर काम होतं, हा विचार? महसुली काम विश्वासावर चालतं. फेरफाराच्या वहीला हात लावणाऱ्याला उद्या जबाब द्यावा लागतो. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस बाराव्या महिन्यात जबाब द्यायला कुठे सापडणार?

खर्चकपातीचं वारं जगभर आहे. अमेरिकेत 2025च्या सुरुवातीला इलॉन मस्क यांच्या पुढाकारानं सरकारी कार्यक्षमतेची मोठी मोहीम निघाली. हजारो माणसं एका फटक्यात काढली. त्यांत अण्वस्त्रांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या यंत्रणेतली माणसंही होती, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांतच परत बोलवावं लागलं. कुणाचं काम काय आहे हे न पाहता यादी केली की असं होतं. तिथे बातमी झाली, कारण ती अण्वस्त्रं होती. इथे एक सजा रिकामा राहिला तर बातमी होत नाही.

काटकसर आम्हाला कुणी शिकवावी असंही नाही. रावेरच्या शेजारी फैजपूरला 1936च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले. बांबूचा मांडव, जवळपास मिळणारं सामान, नंदलाल बोसांची सजावट. आमच्या आजोबांच्या पिढीनं त्यासाठी खांद्यावरून सामान वाहिलं. तिथे काटकसर सांगणाऱ्यांनी ती स्वतःच्या मांडवापासून सुरू केली होती, आणि त्याच मांडवात शेतकऱ्यांच्या मागण्यांचा ठराव झाला. खेड्यात येऊन बसल्याशिवाय खेड्याचं दुखणं कळत नाही, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. 1 जुलै 2006पासून लागू झालेला बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा सांगतो, की कर्मचाऱ्यानं नस्ती सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये. अण्णा हजारेंच्या आंदोलनांमुळे तो झाला. 2015चा लोकसेवा हक्क कायदा मुदत ठरवून देतो, आणि ती विनाकारण मोडली तर 500 ते 5,000 रुपये दंड सांगतो. मी ओट्यावर बसून लोकांना हे वाचून दाखवतो. ते ऐकतात, मान हलवतात, आणि अपील करत नाहीत. अपील करायचं म्हणजे आणखी दोन फेऱ्या, आणि ज्याच्या हातात पुढचं काम आहे त्याच्याशीच वैर. शिवाय टेबलावर माणूसच नसेल तर सात दिवस कुणाचे मोजायचे? दंड रिकाम्या खुर्चीला बसत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पुढचा आढावा घ्याल तेव्हा प्रत्येक सेवेपुढे एक रकाना वाढवा: या कामासाठी अर्जदार किती वेळा आला. तो रकाना कार्यालयानं भरू नये, अर्जदाराला विचारून भरावा, आणि गुण त्यावर द्यावेत. सरकारनं स्वतः दिलेला कुठलाही कागद सरकारनं परत मागू नये, आणि मागितला तर तो मागणाऱ्यानं स्वतःच्या संगणकातून काढून घ्यावा. पंचनाम्याला मुदत ठरवा. ती उलटली तर शेतकऱ्यानं काढलेले जागेवरचे फोटो पुरावा म्हणून धरा आणि त्याला बाग मोकळी करू द्या. मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह काढलेला त्याचा फोटो पिकाच्या नोंदीला चालतो, तर नुकसानीला का चालू नये? अतिरिक्त कार्यभार किती महिने चालवायचा याला मर्यादा घाला, आणि ती मर्यादा भरतीच्या फाइलवर लिहा.

आणि आकृतिबंध मंजूर करण्याआधी त्याचा मसुदा ग्रामसभेत वाचला जावा. कुठलं पद ठेवणार, कुठलं काढणार, कुठली दोन कार्यालयं एक करणार, हे लोकांसमोर वाचावं आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावं. सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी चावडी वाचन झालं होतं, तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा आपापली चूक अचूक सांगत होती. हेही सांगतील. येत्या ग्रामसभेसाठी रावेर तालुक्यातलं कुठलंही गाव निवडा, मसुदा आठवडाभर आधी पाठवा. तो वाचून दाखवायला आणि इतिवृत्त लिहायला मी स्वतः येईन. मानधन नको, प्रवासभत्ता नको. इतिवृत्ताची प्रत मात्र सहीशिक्क्यासह द्यावी, आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर काय झालं ते लेखी कळवावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून आणि केळी उत्पादक,
रावेर तालुका, जि. जळगाव